उजव्या खिशावरची पदकं

अंबादास भिंगारदिवेने आयुष्यात दोन कामं मनापासून केली. खाकी कपडे शिवले आणि लोकांच्या चुका काढल्या. घाटकोपर पूर्वेला त्याचं वर्दीचं दुकान छत्तीस वर्षं चाललं. पोलीस, होमगार्ड, सोसायट्यांचे वॉचमन, मढच्या बंगल्यांत शूटिंगपुरते इन्स्पेक्टर होणारे नट, सगळ्यांची मापं त्याने घेतली आणि प्रत्येकाला काही ना काही ऐकवलं. साठी उलटल्यावर गुडघे कुरकुरायला लागले, दुकान बंद केलं, पण हात आणि जीभ दोन्ही स्वस्थ बसेनात. मग तो बारा इंची सैनिकांच्या नादाला लागला.

हे सैनिक म्हणजे पोरांची खेळणी नव्हेत. खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश उंचीचे, कोपरात आणि गुडघ्यात वाकणारे पुतळे, आणि त्यांच्या अंगावर अमुक सालच्या अमुक लढाईतला पोशाख, बुटाच्या खिळ्यापर्यंत हुबेहूब. शौकीन लोक ते तयारच परदेशातून मागवतात. अंबादास फक्त उघडाबंब पुतळा मागवायचा आणि कपडे स्वतः शिवायचा. जुनं, धुऊन धुऊन विरलेलं पॉपलिन चहाच्या पाण्यात उकळून खाकी करायचा, पितळी पत्र्यातून मोहरीएवढी बटणं पाडायचा, आणि भिंग डोळ्याला लावून एकेक काज हाताने करायचा. चेहराही मातीचा लगदा घेऊन स्वतःच घडवायचा. एका सदऱ्याला तीन आठवडे लागायचे, आणि त्या तीन आठवड्यांत घरात कोणी पंखा जोरात लावला तरी तो अंगावर यायचा.

मुलुंडला अशा शौकिनांचं एक मंडळ होतं. वर्षातून एक प्रदर्शन, आणि त्याच्या आधीच्या रविवारी तपासणी. तपासणीचा रिवाज असा, की सेक्रेटरी निमेश शाह टेबलावर केकचा फिरता स्टँड मांडायचा, त्यावर एकेक सैनिक उभा राहायचा, आणि हजर असलेल्या कोणालाही त्यातली एक चूक काढता यायची. एकच. बनवणाऱ्याने तिथल्या तिथे पुराव्यानिशी उत्तर द्यायचं. उत्तर नसेल तर रजिस्टरात लाल पेनाने 'चूक मान्य' लिहून सही करायची. मग प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत चूक दुरुस्त करून आणायची, नाहीतर आपला सैनिक काचेच्या कपाटाऐवजी बाहेरच्या टेबलावर, वॉटर कूलरशेजारी, उघड्यावर मांडायचा. तिथे येणारे जाणारे त्याच्याकडे बघत पाणी प्यायचे. सभासदांना त्या टेबलाची फार भीती होती.

मंडळात आल्यापासूनच्या चार वर्षांत अंबादासने एकदाही लाल पेन हातात धरलं नव्हतं. दुसऱ्यांना मात्र धरायला लावलं होतं. गेल्या वर्षी पाळी आली होती श्यामकांत करंदीकरची. करंदीकर औषधांच्या कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, घरी तीन कपाटं सैनिक आणि दोन कपाटं पुस्तकं. मंडळात त्याचा शब्द शेवटचा असायचा. त्याने मोठ्या कौतुकाने इटलीच्या आघाडीवरचा एक जवान मागवून आणला होता. अंबादासने भिंग लावलं, त्याच्या डगल्याची वीण बघितली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "साहेब, सहापट मोठं करून बघा. हा माणूस गोणपाट नेसून लढलाय." लोक खोखो हसले. करंदीकरने सही केली ती कागद फाटेल इतकी दाबून. त्या दिवसापासून तो अंबादासला नावाने हाक मारेनासा झाला. 'टेलर' म्हणायला लागला.

यंदा अंबादासने आपल्या आजोबांना बनवलं.

घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली एक फोटो होता. लहू भिंगारदिवे, नगरच्या स्टुडिओत उभे. खाकी सदरा, अर्धी चड्डी, पायपट्ट्या, कमरेला रुंद पट्टा, छातीवर तीन पदकं. माझा बाप महार पलटणीत होता, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढला, असं अंबादासचे वडील सगळ्यांना सांगायचे. अंबादास तेच ऐकत वाढला आणि तेच पुढे सांगत राहिला. विहारात सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, एका उर्मट डीवायएसपीला माप घेता घेता सांगितलं. चार लोकांत मान खाली घालायची वेळ आली, की त्याला तो फोटो आठवायचा आणि मान वर यायची. आता त्याला ते आजोबा काचेच्या कपाटात, मधल्या खणात उभे राहिलेले बघायचे होते. खाली छापील कार्ड: 'शिपाई लहू भिंगारदिवे, महार पलटण, १९४३'. त्याने विहार कमिटीच्या शिवदासला सांगून चाळीस माणसांना प्रदर्शनाचं आमंत्रणही देऊन टाकलं होतं.

तपासणीच्या दिवशी निमेशने लहूला स्टँडवर उभं केलं आणि हळूच फिरवलं. सदऱ्याच्या कोपराला झिजल्याची चमक होती, पायपट्टी डाव्या घोट्यावर जराशी सैल झाली होती, तिन्ही पदकांच्या फिती रेशमाच्या धाग्यावर रंगवलेल्या होत्या. अंबादास हाताची घडी घालून उभा राहिला. आपण चांगलं काम केलंय हे त्याला ठाऊक होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसतंय हेही.

"बोला, कोणाला काय काढायचंय?" निमेशने घंटी वाजवली.

"मला," करंदीकर खुर्चीतून उठला. "पदकं उजव्या बाजूला आहेत. सैनिक पदकं डावीकडे लावतो. शाळकरी पोराला विचार, तेही सांगेल."

"फोटोत आहे तसं केलंय." अंबादासने पिशवीतून फोटो काढून टेबलावर ठेवला.

"मग फोटो उलटा छापलाय. स्टुडिओवाल्याने काच उलटी ठेवली असणार. आणि तू डोळे झाकून कॉपी मारलीस, टेलर."

अंबादासला वाटलं, चल, सापडलास. याच प्रश्नाची त्याने तयारी केली होती. "साहेब, जरा जवळ या. पुरुषाच्या सदऱ्याला काजं डाव्या भागाला असतात आणि तो भाग वर येतो. बायकांच्या ब्लाऊजला उलट. फोटो उलटा असता तर माझा आजोबा ब्लाऊज घालून उभा राहिला असता." त्याने फोटोवर नखाने रेघ मारली. "बघा पट्टी. बघा पट्ट्याचं बक्कल. सगळं जागच्या जागी आहे. हा फोटो सुलटा आहे. छत्तीस वर्षं काजं केलीत मी, हे मला कोणी शिकवू नये."

दोघंतिघं हसले. निमेश म्हणाला, "बात तो बरोबर आहे ना, श्यामकांतभाई. बटन तो झूठ नाही बोलत."

करंदीकरही हसला, आणि ते हसू बघून अंबादासने फोटो स्वतःकडे ओढून घेतला.

"म्हणजे फोटो सुलटा आहे. नक्की?"

"हजार टक्के."

"म्हणजे पदकं खरोखरच उजवीकडे लावली होती. मुद्दाम."

"हो, म्हणून काय झालं? त्यांच्या पलटणीत तशी पद्धत असेल."

"कुठल्याच पलटणीत तशी पद्धत नाही." करंदीकरने काखेतलं पुस्तक उघडलं. खूण आधीच घातलेली होती; पुतळ्याचे फोटो अंबादासनेच आधी मंडळाच्या ग्रुपवर टाकले होते. "उजवीकडे पदकं कोण लावतं ते ऐक. सैनिक मेल्यावर त्याचा बाप, भाऊ, मुलगा. स्वतःची डावीकडे, मेलेल्याची उजवीकडे. आजही तसंच आहे. तुझ्या आजोबांच्या छातीवर दुसऱ्याची पदकं आहेत रे. आणि डावी बाजू रिकामी आहे, म्हणजे स्वतःचं एकही नाही. तू आत्ता स्वतःच सिद्ध केलंस. एक तर तुझं कार्ड खोटं आहे, नाहीतर तुझी पदकं खोटी आहेत. कुठलं ते तू ठरव."

अंबादासने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्याकडे उत्तर नाही. आपल्याच हाताने दार लावून घेतलं होतं आणि कडीही घातली होती. समोरच्या म्हाताऱ्याची गचांडी धरावी असं त्याला मनापासून वाटलं.

"माझे आजोबा लबाड होते म्हणताय?"

"मी काही म्हणत नाही. फोटो म्हणतोय." करंदीकरने पुस्तक मिटलं. मग आवाज खाली आणून, उपकार केल्यासारखा म्हणाला, "हे बघ, मी दुष्ट माणूस नाही. पदकं डावीकडे लाव. रजिस्टरात 'चूक मान्य' लिही. पुढच्या रविवारी सकाळी मी स्वतः पास करतो. फोटो कोण बघायला येणार आहे? तुझी माणसं खूश, आम्ही खूश."

"सही रविवारी बघू," अंबादास म्हणाला आणि आजोबांना टॉवेलात गुंडाळून निघाला. दारात पोचेपर्यंत त्याला मागून कुजबुज ऐकू येत होती, पण वळून बघायचं धाडस झालं नाही.

आठवडाभर तो घरात धुसफुसत राहिला. करंदीकरला जितक्या शिव्या घालता येतील तितक्या मनातल्या मनात घातल्या. पुस्तक खोटं असेल असं म्हणून मुलीच्या, तेजलच्या, मोबाइलवर शोधून बघितलं, तर तिथेही तेच लिहिलेलं. शुक्रवारी दुपारी तो खिडकीशी बसला, भिंग लावलं, बारीक कात्रीने उजव्या खिशावरचे टाके उसवले आणि पदकांची पट्टी डाव्या खिशावर धरली. एक टाका घातला, दुसरा घातला. कुणाला कळणार होतं? चाळीस माणसं येतील, आजोबा मधल्या खणात ताठ उभे असतील. एका सहीत एवढं होत असेल तर काय वाईट, असं तो स्वतःला समजावत होता.

खाटेवर त्याची आत्या सोनूबाई बसली होती. लहूची मुलगी, बापाला ती आबा म्हणायची. वय सत्त्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. कान मात्र तिखट होते.

"काय उसवतोय रं?" तिने विचारलं.

"काही नाही. पदकं."

"आबाची? आन् आता कुठं लावतोय?"

"डावीकडे. उजवीकडे चुकीची होती."

सोनूबाईने हात पुढे केला. "दे हिकडं."

"आत्या, टाके कच्चे आहेत, तुटतील."

"दे म्हणते ना!"

अंबादासने पुतळा तिच्या हातात दिला. ती बोटांनी सदरा चाचपत गेली, डाव्या खिशापाशी थांबली आणि तिथली पट्टी तिने खस्सकन ओढली. दोन टाके तुटले. तो ओरडला, "आत्या, डोकं फिरलंय का तुझं?"

"माझं न्हाई, तुझं. आबानं जलमात जे केलं न्हाई ते तू त्याच्याकडनं करून घ्यायला निगालास व्हय?"

मग तिने सांगितलं. रागातच सांगितलं, आणि मधे थांबली नाही.

"पलटणीत आबा नव्हता गेला. खंडूचुलता गेला व्हता, आबाचा थोरला भाऊ. रजेवर आला तवा कपड्यांची एक जोडी ट्रंकेत ठिवली, म्हनला, पुढच्या बारीला आलो की नगरला जाऊन फोटू काढू. पुढची बारी आलीच न्हाई. बर्मात ग्येला. लढाई संपून दोन-तीन वरसं झाली आन् टपालानं ही पदकं आली. आजीनं छातीशी धरली. म्हनली, लहू, तुझा तोंडवळा खंडूसारखा हाय, त्याचे कपडे घाल, फोटू काढून आन, मला एकदा माझं पोर वर्दीत बगू दे. मी गेले व्हते संगं, धा वरसाची व्हते. आबानं पदकं अशी डाव्या अंगाला लावली. स्टुडिओवाला म्हातारा पेन्शनर हवालदार व्हता. त्यानं इचारलं, तुझी हायेत? आबा म्हनला, न्हाई, भावाची, तो मेला. मग त्या हवालदारानं स्वतः पदकं काढून उजव्या अंगाला लावली. म्हनला, मेलेल्याचा मान इकडं असतो. तवापासनं आबा दरसाल एक जानेवारीला कोरेगावच्या खांबाला जायचा, सदऱ्यावर पदकं उजवीकडंच. लोक म्हनायचे, लहू, उलटी लावलीस. त्यो म्हनायचा, माझी न्हाईत."

अंबादासने तिच्या हातातली पट्टी काढून घेतली. "ती पदकं गेली कुठं मग?"

"आजी गेली तवा तिच्या पदराला बांधून मातीत दिली."

"आणि बाबा सांगायचे ते?"

सोनूबाईने पुतळा मांडीवर घेतला. "तुझा बाप शाळंत होता. मास्तर समद्या आपल्या पोरांला पार दाराशी बसवायचा. एक दिवस तुझ्या बापानं सांगितलं, माझा बाप पलटणीत व्हता, मेडलं हायेत घरी. मास्तर आला, फोटू बगितला, आन् दुसऱ्या दिवशी त्याला फुडल्या बाकावर बसवलं. आबाला कळलं तवा तो लई चिडला. म्हनला, मी जाऊन खरं सांगतो. मग आई म्हनली, सांगा, आन् पोराला पुन्यांदा दाराशी बसवून या. आबा गप बसला. आमी समदे गप बसलो."

"साठ वर्षं? मला तरी सांगायचं!" अंबादास ओरडलाच. "सगळ्या मुंबईत छाती पुढं काढून सांगत फिरलो मी. त्या करंदीकरसमोर तोंड काळं झालं माझं!"

"तू कुनाचं ऐकतोस का? तुला दुसऱ्याचं चुकलं तेवढंच ऐकू येतं."

तो खिडकीतून बाहेर बघत बसला. राग कुणावर काढावा तेच कळेना, मेलेल्या बापावर की जिवंत आत्यावर. आजोबा सैनिक नव्हते याचं वाईट वाटलंच, पण करंदीकर बरोबर निघाला याचं त्याहून जास्त वाटतंय, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. आजोबांनी कुणाला फसवलं नव्हतं. फोटोत त्यांनी सगळं खरं सांगून ठेवलं होतं, छातीवर लावून. वाचता येत नव्हतं ते घरच्यांना.

संध्याकाळी तेजल कामावरून आली तेव्हा त्याने तिला नवीन कार्ड छापायला सांगितलं. तिने मजकूर वाचला आणि पर्स खांद्यावरून न काढताच उभी राहिली.

"बाबा, शिवदासकाका सगळ्यांना घेऊन येणार आहेत. त्यांना काय सांगणार?"

"जे आहे ते."

"लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, पण मागून वाट लावतील ना."

"लावू देत. मी लोकांच्या कमी लावल्यात का?"

मग तो पुन्हा भिंग लावून बसला. आता पुतळ्याचं नाव खंडू होतं. पदकं खंडूचीच, म्हणजे डाव्या खिशावर हक्काने लागली असती, करंदीकरच्या पुस्तकालाही ते चाललं असतं. त्याने पट्टी उचलली आणि तशीच हातात धरून बसला. एकोणीसशे त्रेचाळीसचा खंडू. त्याच्या छातीवर पदकं कुठून येणार? ती आली तेव्हा तो नव्हता. त्याने ती कधी बघितलीसुद्धा नाहीत. अंबादासने पट्टी काड्यापेटीत घालून पेटी बंद केली.

राहिल्या टाक्यांच्या खुणा. असली भोकं घालवणं शिंप्याला अवघड नसतं. पाण्याचा हात लावायचा, नखाने आडवं उभं घासायचं, वर गरम इस्त्रीचं टोक टेकवायचं, वीण पुन्हा जुळते. डाव्या खिशावरची दोन भोकं त्याने तशी घालवली. ती त्याची स्वतःची लबाडी होती, ती ठेवायचं कारण नव्हतं. मग नख उजव्या खिशाकडे नेलं. तिथे सहा बारीक भोकं एका ओळीत होती. नख पुढे सरकेना. दोनदा प्रयत्न करून त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं.

रविवारी सकाळी नऊ वाजता मुलुंडच्या हॉलमध्ये काचेचं कपाट पुसून तयार होतं. मधला खण रिकामा ठेवला होता. करंदीकर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आला होता आणि रजिस्टर उघडून, लाल पेनाचं टोपण काढून, वाट बघत होता. मंडळाचे बरेच सभासद नेहमीपेक्षा लवकर आले होते. तमाशा चुकवायची कोणाचीच इच्छा नव्हती.

अंबादासने टॉवेल सोडला आणि पुतळा स्टँडवर ठेवला. शेजारी कार्ड उभं केलं. निमेशने ते मोठ्याने वाचलं: "शिपाई खंडू भिंगारदिवे, महार पलटण, १९४३. ब्रह्मदेशात मृत्यू. याचा फोटो नाही. कपडे याचे, चेहरा धाकटा भाऊ लहू याचा."

"म्हणजे मी म्हटलं तेच," करंदीकर सगळ्यांकडे बघत म्हणाला. "आजोबा सैनिक नव्हते."

"नव्हते," अंबादास म्हणाला. "तुम्ही बरोबर होता."

करंदीकरला हे अपेक्षित नव्हतं. भांडणाची तयारी करून आलेल्या माणसाला भांडण मिळालं नाही की तो जास्त चिडतो. "आणि पदकं? पदकं कुठायत? आता डावीकडे लावायला काय झालं होतं?"

"हा त्रेचाळीस सालचा आहे. पदकं लढाई संपल्यावर आली. तोवर हा मेला होता."

निमेशने घंटी वाजवायला हात उचलला आणि तो तसाच ठेवला. "तो फिर... पास ना?" त्याने हळूच विचारलं.

"थांब. सैनिक नवा, तपासणी नवी. मी अजून याची चूक काढलेली नाही." करंदीकरने खिशातून भिंग काढलं. स्टँड एकदा फिरवला, दोनदा फिरवला. टोपी बघितली, पट्टा बघितला, बुटांचे खिळे मोजले. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तिसऱ्या फेरीला तो थांबला, वाकला, आणि त्याचा चेहरा उजळला. "हे काय? उजव्या खिशावर भोकं आहेत. सहा. इथे काहीतरी शिवून उसवलंय. ज्याच्या छातीवर पदकं कधी नव्हतीच, त्याच्या सदऱ्यावर टाक्यांच्या खुणा कशा? बोल."

अंबादासला शंभर उत्तरं देता आली असती. कसर लागली, ठिगळ होतं, बक्कल घासलं. त्याच्यासारख्या जिभेच्या माणसाला एक मिनिट पुष्कळ होतं. शिवाय ती भोकं घालवायला आत्ता दोन मिनिटं लागली असती, हेही त्याला ठाऊक होतं. त्याने रिकाम्या मधल्या खणाकडे एकदा बघून घेतलं. मग पुढे होऊन करंदीकरच्या हातातलं लाल पेन घेतलं, रजिस्टर स्वतःकडे वळवलं आणि लिहिलं, 'चूक मान्य. दुरुस्त करणार नाही.' खाली सही केली.

"बाहेरचं टेबल," करंदीकर म्हणाला.

"चालेल."

दहा वाजता विहारातली माणसं आली. शिवदास पुढे होता. त्याने काचेच्या कपाटात शोधलं, मग वॉटर कूलरशेजारी सापडल्यावर कार्ड वाचलं, आणि त्याचा चेहरा पडला. "अंबादास, अरे लहूबाबा लढले होते ना? आम्ही भाषणात सांगतो दरसाल."

"नाही लढले. त्यांचा भाऊ लढला. मला परवा कळलं. पुढच्या वेळी भाषणात खंडूचं नाव घे." त्याने नजर खाली घातली नाही. मागचे दोघंतिघं एकमेकांकडे बघत पाणी प्यायला गेले. हे घर गाठायच्या आत वस्तीभर होणार, हे अंबादासला दिसत होतं, आणि ते त्याला बोचत होतं.

सगळ्यात शेवटी तेजल सोनूबाईला हाताला धरून घेऊन आली. म्हातारी टेबलाच्या कडेला चाचपत उभी राहिली. "कुठं हाय?"

"समोरच आहे, आत्या."

तिने दोन्ही हात पुढे केले. पाठीमागून करंदीकरचा आवाज आला, "ओ आजी! हात लावायचा नाही. बोर्ड लिहिलाय."

अंबादास गर्रकन वळला. "बोर्ड काचेवर लिहिलाय. हा काचेत नाही. तुम्हीच बाहेर ठेवलाय याला. आता एक शब्द बोललात तर याद राखा."

करंदीकर जागच्या जागी थांबला.

सोनूबाईने आधी पुतळ्याची टोपी चाचपली, मग कपाळ, मग नाक. बोटं हनुवटीवर थांबली. "आबा," ती म्हणाली. मग बोटं खाली सदऱ्यावर आली, डाव्या खिशावर काही नव्हतं, उजव्यावर काही नव्हतं. अंगठा तिथेच फिरत राहिला. कापडावरची बारीक भोकं तिला एकेक करून लागली. ती मोजत असावी, कारण ओठ हलत होते.

"हितं व्हती," ती म्हणाली.

"हो," अंबादास म्हणाला. "तिथंच होती."

तिने हात काढला नाही. मागे पाण्यासाठी रांग लागली होती, आणि अंबादासने कोणालाही पुढे येऊ दिलं नाही.